खालचे चार वाटे

एकदा एक म्हातारी मृदाशास्त्रज्ञ बाई आपल्या शिष्याने बरी केलेली जमीन बघायला आली. 'बरी केलेली' हा शिष्याचा शब्द. माझा नाही.

बाईंचे वय सत्त्याहत्तर. चाळीस वर्षे त्यांनी मेलेल्या मातीपाशी काढली होती. त्यातली काही बर्फाच्या डोंगरांपलीकडच्या थंड पठारावर, बाकीची सगळी आपल्या कोरडवाहू मुलखात. शिष्य पस्तिशीचा, सज्जन, उन्हाने रापलेला. नऊ वर्षे तो या एकाच गावात राहिला. इतरांना बदली हवी असते, याने कधी मागितली नाही.

जमीन अठ्ठावीस एकर. एके काळी कालव्याच्या पाण्याने पिकली आणि त्याच पाण्याच्या अतिरेकाने चोपण झाली. चोपण म्हणजे काय, हे ज्याच्या नशिबी ती येते त्याला विचारा. ओली असताना पाय सोडत नाही आणि वाळली की कुदळीला दाद देत नाही. बी आत सडते. पाणी वरच उभे राहते, आत जात नाही. चौदा घरे त्या जमिनीची होती. जमीन मेल्यावर ती दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाऊ लागली.

शिष्याने तिथे चर खणले, जिप्सम टाकले, दर पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलायच्या आत तो मातीत गाडला. बांध कधीच पुसले गेले होते, म्हणून जमिनीचे नव्याने चौदा वाटे पाडले. देवळात चिठ्ठ्या टाकल्या, ज्याच्या हाती जी चिठ्ठी आली तो वाटा त्याचा. आता शाळूची पेरणी तोंडावर होती. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उत्तरासाठी खोळंबला होता. येता की नाही, एवढे त्याला सांगायचे होते. शिष्याचा अहवाल म्हणत होता, जमीन पेरणीयोग्य आहे. त्यावर बाईंची सही झाली की चौदाही घरे मुकादमाला नाही म्हणणार होती.

सकाळी सगळी माणसे जमिनीवर जमली. बाईंनी अहवाल हातात घेतला, पण उघडला नाही. "नमुन्यांच्या पिशव्या आण," म्हणाल्या.

शिष्याने दहा पिशव्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीत मूठमूठ माती, काळी, भुसभुशीत. बाईंनी एकेक उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस एकरांत एवढं एकमत? ग्रामसभेत तरी कधी बघितलंस का?"

लोक हसले. शिष्य हसला नाही.

मग बाईंनी जे केले ते कुणालाच उमगले नाही. तेलाचा रिकामा डबा मागवला, त्याचे बूड कापून काढायला लावले आणि उताराने थेट खाली चालत गेल्या. तिथे जमिनीवर पांढरट डाग होते, पापडासारखे पापुद्रे सुटलेले. तो डबा त्यांनी चार बोटे जमिनीत ठोकायला लावला आणि म्हणाल्या, "पिण्याच्या पाण्याची एक घागर आणा."

विहिरी खारावलेल्या, म्हणून गावाला पाणी टँकरचे. तिथे एक घागर म्हणजे एका घराची दुपार. कुणी हलेना. शेवटी चांगुणाबाई नावाची एक बाई उठली, स्वतःची घागर घेऊन आली आणि बाईंनी ती सगळी त्या बिनबुडाच्या डब्यात ओतली. मग शेजारच्या दगडावर बसल्या.

तास गेला. दुसरा गेला. पाणी होते तिथेच.

"डॉक्टरीणबाई," चांगुणाबाई म्हणाली, "तुम्ही पाण्याला बघायला आलात का आम्हाला?"

"तुमचा वाटा कुठला?" बाईंनी विचारले.

"हाच की. तुम्ही बसलात त्यो दगडबी माझाच."

"मग पाण्याकडं तुम्हीच बघा."

चांगुणाबाई डब्याशी उकिडवी बसली. मागून एक म्हातारा कुजबुजला, "शिकल्यामुळं असं होतं, बघा." यावेळी कुणी हसले नाही. सूर्य डोक्यावर आला. डब्यातले पाणी नखभर उतरले होते, आणि तेही उन्हाने.

तेव्हा बाईंनी डबा उपटून वरच्या अंगाला ठोकायला लावला आणि शिष्याला म्हणाल्या, "आता तू ओत." त्याने उसनी आणलेली घागर ओतली. मातीने पाणी गटागटा घेतले. अर्ध्या तासात डबा रिकामा.

शिष्य मान खाली घालून उभा होता. नमुना कसा घ्यायचा, हे याच बाईंनी त्याला शिकवले होते. शेतातून नागमोडी चालायचे, चांगली-वाईट न बघता ठरल्या पावलांवर थांबायचे, वीतभर खोल खणायचे. तो तसा चाललाही होता. खालचा उतार आला तेव्हा त्याची पावले वळली होती. पांढऱ्या डागांची एक मूठ सगळ्या नमुन्याला बाटवील, असे त्याला वाटले होते. नऊ वर्षे थांबलेल्या माणसांना आणखी थांबा म्हणायचे त्याच्या जिवावर आले होते.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "मी खोटं लिहिलं नाही. त्या दहाही जागांचे आकडे खरे आहेत."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझेही खरे होते."

बाई पुढे म्हणाल्या, "तेव्हा मी तुझ्याएवढी होते. त्या थंड पठारावर सात महिने जमीन दगडासारखी गोठलेली असते. टाकलेलं शेणखत तीन वर्षांनी उकरलं तरी तसंच निघायचं, कुजायला ऊबच नाही. बावीस घरं माझ्याकडं डोळे लावून बसली होती. मला त्यांची दया आली. मी गोठ्यांच्या आडोशाची माती उचलली. तिला जनावरांची ऊब होती, ती जिवंत होती. अहवाल सुंदर झाला. लोकांनी उरलेला सगळा सातू पेरला. तेच त्यांचं बियाणं आणि तेच त्यांचं हिवाळ्याचं खाणं. गोठ्यांपाशी उगवला, बाकी रानात नाही. त्या हिवाळ्यात दोन म्हातारी माणसं गेली. नंतर मी गावात गेले तर कुणी मला शिवी दिली नाही. चहा दिला. तो मी प्यायले. अरे, तुला यांची दया आली की यांना नाही म्हणायची भीती वाटली, हे तुझं तू बघ. मला तेव्हा दोन्हींतला फरक कळला नव्हता. आणि फावड्याला तो कळत नाही, ते तू वळवशील तिकडं वळतं. वरचे दहा वाटे बरे झालेत, ते तुझंच काम आहे आणि चोख आहे. खालचे चार अजून मेलेले आहेत. माझी सही दहांवर होईल. जा, सांग त्यांना. मी सांगणार नाही."

शिष्य लोकांपुढे गेला. वरचे दहा वाटे पेरायचे, खालचे चार नाही, असे सांगितले.

मग वरच्या वाट्यांची माणसे उठू लागली. कुणाला बैल बघायचे होते, कुणाला पेरणीची पाभर दुरुस्त करायची होती. सकाळी खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे, आता खालच्या चार घरांकडे बघायचे टाळून चालली होती.

"थांबा," शिष्य म्हणाला. "यंदापुरते वरच्या रानाचे चौदा वाटे करू. थोडं थोडं सगळ्यांना."

मघाचाच म्हातारा वळला. "साहेब, चिठ्ठी देवासमोर उचललीय. आता देवाला काय सांगायचं, परत टाक म्हणून?"

"देवाला नका सांगू. एकमेकांना सांगा."

म्हातारा धोतराचा सोगा सावरून निघून गेला. मी त्याला वाईट म्हणणार नाही. त्यानेही अकरा वर्षे ऊस तोडला होता. पण चांगले म्हणायलाही माझी जीभ वळत नाही.

चांगुणाबाई तिथेच होती. तिच्या थोरल्या मुलीचे नाव यंदा गावच्या शाळेत सातवीत राहायचे होते, पहिल्यांदाच पूर्ण वर्ष. ती शिष्याकडे बघून म्हणाली, "आणि ह्या डॉक्टरीणबाई आल्या नसत्या तर?"

"तुम्ही पेरलं असतं."

"आन् मग?"

उत्तर चांगुणाबाईने स्वतःच दिले. "मग रान बी गेलं असतं आन् टोळी बी. तुमची बदली झाली असती, दुसरं काय."

हे ऐकून त्याचे डोळे भरले. "रडू नका," ती म्हणाली, "रडायला मला बी येतं. उद्या सकाळी फावडं घेऊन या. माझ्यासमोर खणा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. तिने त्याला आपल्या दोन एकरांतून पावलापावलाने फिरवले. इथे पांढरे आहे, इथे पाणी आठ दिवस उभे राहते, इथे तर गवतसुद्धा टेकत नाही. जिथे तो थांबला नसता तिथे थांबायला लावले. पिशवीला गाठ तिनेच मारली. तिसऱ्या दिवशी खालची चारही घरे ट्रकमध्ये बसून गेली. मुलगीही गेली. बाई त्याआधीच परतल्या होत्या. जाताना त्यांनी शिष्याला ना उपदेश केला, ना त्याची पाठ थोपटली.

महिन्याने त्या पिशवीच्या तपासणीचा निकाल आला. शिष्याने चांगुणाबाईला फोन लावला. मागे कोयत्यांचे आवाज येत होते.

"मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेनऊ निघालाय."

"म्हंजे वाईट का?"

"फार वाईट. साडेआठच्या खाली यायला हवा. आणखी तीन वर्षं तरी लागतील. चारही लागतील."

पलीकडे कोयता थांबला. शिष्याला वाटले, फोन कट झाला. घाई करून काहीतरी बरे बोलावे असे त्याच्या मनात आले. तो बोलला नाही, थांबला.

"बरं," चांगुणाबाई म्हणाली. "चार म्हणालात ना. मग तीन सांगू नका."

तिने फोन ठेवला. शिष्याने वहीतल्या तीनवर काट मारली, चार लिहिले आणि फावडे घेऊन खालच्या उताराला गेला.

वाचणाऱ्यांनो, तुम्हीही कुणाचा तरी अहवाल लिहीतच असता, घरच्या आजाराचा, पोराच्या अभ्यासाचा, नाहीतर स्वतःचा. पाय कुठे वळतात तेवढे बघा.