चारी बाजूंचा धोंडबा

फार फार वर्षांपूर्वी रानातल्या एका कातळावर गव्यांच्या म्होरक्यांची चित्रं असत. सगळी समोरून काढलेली, ऐटदार. म्होरक्या झालेल्या धोंडबा गव्यानंही आपलं चित्र काढायला कुंभारीण माशीला बोलावलं. दिवसभर ती त्याच्याभोवती भिरभिरत कातळावर चिखल लिंपत राहिली.

चित्र बघून धोंडबा चक्रावलाच. दोन्ही डोळे एकाच गालावर, शिंगांना लागून शेपूट आणि त्याखाली हाडं वर आलेली म्हातारी पाठ!

"अगं भवाने, हा मी?"

"चारी बाजूंनी पाहिलं, तेवढं सगळं काढलं," माशी म्हणाली.

"धनी, हुबेहूब तुम्हीच," त्याची कारभारीण हळूच म्हणाली. "मी जन्मभर तुमच्या मागूनच चालतेय."

धोंडबानं हादरून वाडवडिलांच्या चित्रांकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच ती चित्रं त्याला अर्धी वाटली.