सरूबाईंच्या गुडघ्यांचा व्यायाम

निंबोडे गावात दाजिबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. आईवर त्याची अपार भक्ती. तिने सांगितलेल्या शब्दात त्याने कधी काना-मात्रेचाही फरक केला नाही. दुःख होते ते एवढेच.

त्याच्या आईचे, म्हणजे सरूबाईंचे, गुडघे धरले होते. कोळवडीला लेकीच्या घरी पहिल्या नातीचे बारसे पंधरवड्यावर आलेले. वाट डोंगरातली, पायीच जायची.

"दाज्या, नाडी कळणारा कोणी जाणकार आण," सरूबाई म्हणाल्या.

दाजिबाने विचार केला. नाडीतले नरहर शिंप्यापेक्षा अधिक कोणास कळणार? त्याने शिंप्यास आणले.

नरहरने गळ्यातली टेप काढून अदबीने विचारले, "सरूबाई, आपण लेंगा केव्हापासून घालू लागलात?"

सरूबाईंनी कपाळाला हात लावला. "मेल्या, ज्याच्याकडे लंगडत गेलेले माणूस नीट चालत बाहेर पडते, असा कोणी बघ!"

दाजिबा तालुक्याला गेला. दवाखान्यासमोर तासभर बसला. माणसे लंगडत आत गेली आणि लंगडतच बाहेर आली. हे काही खरे नव्हे, असे त्याने ठरवले. शेजारीच चपला दुरुस्त करणारे सखाराम बसत. तेथे एक गृहस्थ तुटकी चप्पल हातात घेऊन लंगडत आले आणि घटकाभरात टाचा वाजवीत गेले. दाजिबाने सखारामांना घरी आणले.

सखारामांनी गुडघे निरखले. "बाई, टाच झिजली असती, तर बसवून दिली असती."

"अरे, ज्यांच्या भिंतीवर पदवीचा कागद असतो, त्यांना आण!" सरूबाई कडाडल्या. "आणि ते सांगतील ते शब्दशः कर. तुझी अक्कल मध्ये घालू नकोस."

दाजिबाने त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आणले. भिंतीवरचा कागदही सोबत आणला. बाईंनी गुडघे नीट तपासले आणि अंगणात येऊन दाजिबाला समजावले, "खुर्चीवर बसायचे, उठायचे. रोज सकाळी वीस वेळा. आईंचा हा व्यायाम तुम्ही स्वतः करून घ्या. हयगय नको."

"काय म्हणाल्या रे?" सरूबाईंनी आतून विचारले.

"सगळे मीच करून घ्यायचे आहे. तू निवांत पड."

"देवमाणूस हो!" सरूबाई म्हणाल्या आणि निवांत पडल्या.

दाजिबा रोज पहाटे परसात खुर्ची नेई. वीस वेळा बसे, वीस वेळा उठे. एक दिवस चुकला नाही. बारशाच्या आदल्या दिवशी तो घाम पुसत आत आला.

"आई, ऊठ. तुझा व्यायाम पुरा झाला."

सरूबाई उठल्या आणि कळवळून खाली बसल्या. "माझा? कोणता व्यायाम?"

"मी करून घेतला तो."

सरूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "जा बाबा. आता माझ्या जागी तूच जा."

"तुझ्या जागी?"

"हो रे, माझ्या जागी!"

दुसऱ्या दिवशी कोळवडीला पाळण्याजवळ, आजीसाठी मांडलेल्या पाटावर, आईचे ठेवणीतले लुगडे नेसून आणि मिशांवरून पदर ओढून दाजिबा बसला होता. बायकांचे गाणे अर्ध्यावर थांबले.

"अगं बाई, दादा!" बहीण किंचाळली. "आई कुठाय? तिचे गुडघे कसे आहेत?"

"ठणठणीत!" दाजिबा म्हणाला. त्याने पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत वीस वेळा उठून-बसून दाखवले.