वाटीने मोजलेलं दुखणं

फार पूर्वी एका राज्यात दुखण्यालासुद्धा पुरावा लागत असे. आजही लागतो म्हणा, पण ही गोष्ट तेव्हाची.

त्या राज्यात एक नामांकित राजवैद्य होता. कर्करोगाचे रोगी लांबलांबून त्याच्याकडे येत. त्यांच्या वेदना शमवायला त्याच्याकडे अफूच्या गोळ्या असत. पण काही लबाड माणसं खोटंच विव्हळून त्या गोळ्या उकळू लागली. वैद्य दोन-चारदा फसला आणि त्याने ठरवून टाकलं, यापुढे रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचाच नाही.

त्याने एक युक्ती काढली. रोग्याच्या तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेली तांब्याची वाटी ठेवायची आणि खाली परात. दुखत असेल तर हात थरथरणारच. जितकं पाणी सांडेल तितकं दुखणं आणि तितकंच औषध. परात कोरडी राहिली तर दुखणं नाही! राजाने वैद्याच्या अंगावर शाल पांघरली, दरबाराने वाहवा केली. रोग्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

त्याच राज्यात एक कुंभारीण होती. तिचा उभा जन्म चाकापाशी गेला होता. फिरत्या मातीवर तिचा हात टेकला की तसूभर हलत नसे, कारण हात हलला की मडकं वाकडं. म्हातारपणी तिच्या पोटात कर्करोगाची गाठ झाली. ती भिंतीकडे तोंड करून दात आवळून पडून राहायची. ओठ चावून चावून रक्ताळले होते. सुनेला ते बघवेना. शेवटी तिने सासूला बैलगाडीत निजवलं आणि वैद्याच्या दारात आणलं.

वैद्याने म्हातारीच्या हातावर वाटी ठेवली. म्हातारीने डोळे मिटून श्वास रोखला. पाण्याचा थेंबही सांडला नाही.

"हिला काही झालेलं नाही," वैद्य म्हणाला. "पुढचा!"

"अहो वैद्यबुवा, तिचे ओठ तरी बघा!" सून म्हणाली. "घामाने लुगडं भिजलंय तिचं!"

"ओठांचं आणि घामाचं माप माझ्याकडे नाही. वाटीचं आहे."

सून सासूच्या कानाशी वाकली. "आत्याबाई, मुद्दाम सांडा ना थोडं. कुणाला कळतंय?"

"हातात भांडं आलं की हात आपोआप थिजतो गं," म्हातारी कशीबशी म्हणाली. "आणि खरंच दुखतंय, तर खोटं कशाला करू?"

तेवढ्यात रांगेतला एक धट्टाकट्टा गडी पुढे आला. त्याचा हात असा लटलटला की सगळी वाटी परातीत. वैद्याने त्याला ओंजळभर गोळ्या दिल्या. बाहेर पडताना तो सुनेकडे बघून चक्क हसला.

आता मात्र सुनेचं डोकं फिरलं. "आग लागो तुमच्या वाटीला!" ती कडाडली. "त्या लबाडाला औषध, आणि मरणाच्या दारातल्या बाईला हाकलता?"

"माझ्या वाटीला नावं ठेवतेस?" वैद्य रागाने लाल झाला. "बघ, निरोगी माणसाचा हात कसा असतो ते!" त्याने भरलेली वाटी स्वतःच्या तळहातावर घेतली. रागाने त्याचा हात असा थरथरला की सगळं पाणी त्याच्याच धोतरावर.

"अगं बाई! केवढं दुखतंय वैद्यबुवांना!" सून म्हणाली. "द्या रे कुणीतरी गोळी त्यांना!"

रांगेत हशा पिकला. वैद्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याने एक गोळी पुढे ढकलली. "घे, आणि चालती हो."

म्हातारीने तिथेच ओटीवर गोळी घेतली. बऱ्याच वेळाने तिचा आवळलेला जबडा सुटला, मुठी उघडल्या. वैद्याला राहवलं नाही. त्याने पुन्हा वाटी भरून तिच्या हातावर ठेवली. गोळीच्या गुंगीने हात सैल पडलेला होता. वाटी कलंडली आणि खणखणत खाली गेली.

"बघा! गोळी घेतल्यावर हिचं दुखणं वाढलं!" वैद्य ओरडला.

"अहो, तिलाच विचारा की!" सून म्हणाली. "एवढा जिवंत माणूस समोर बसलाय, त्याला एकदा तरी विचारा!"

वैद्य गडबडला. हा प्रश्न त्याने कित्येक वर्षांत कुणाला विचारलाच नव्हता. तो खाली वाकला. "आजी, दुखतंय का?"

"आता नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "मघाशी फार दुखत होतं. मघाशी विचारलं असतंस, तर मघाशीच सांगितलं असतं."

वैद्याची मान खाली गेली. परात कोरडी राहिली म्हणून त्याने किती जणांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं! त्यातले बरेचसे आता या जगात नव्हते. त्यांना बोलावून विचारायची सोय उरली नव्हती.

कुंभारीण पुढे त्याच रोगाने गेली, पण सुनेच्या मांडीवर, तळमळ न करता. वैद्याने वाटी फेकली नाही. फक्त ती उचलण्याआधी तो रोग्याजवळ बसून विचारू लागला आणि उत्तर ऐकू लागला.

तात्पर्य इतकंच: ज्याचं दुखतंय त्याला आधी विचारावं. मोजमाप हवं तर त्यानंतर करावं.