अम्लान फुलांचा हार

पूर्वी चंपकावती नगरात क्षेमंकर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वसुमित्र या नावाने जन्मून त्याचा वृद्ध अमात्य झाला होता. विद्या पुष्कळ होती, पण स्वतःच्या शब्दावर त्याचा पुरता विश्वास कधीच बसत नसे.

त्या नगरात एक रीत होती. मृताच्या आसनावर हार घालायचा आणि तो कोमेजेपर्यंत जवळच्या माणसाने मौन पाळायचे. राणी वारली तेव्हा राजाने मोगरा नाकारला आणि लालभडक तुऱ्यांचा हार घातला. बाजारात त्या झाडाला माठ म्हणत, त्याची भाजी करीत. राजवाड्यात त्याचे नाव होते अम्लान, म्हणजे न कोमेजणारे.

दोन पावसाळे गेले. हार तसाच, राजाही तसाच. हाराला हात लावणाऱ्याला देहदंड होता. राजमुद्रा वसुमित्राकडे आली.

"फूल टिकेल तोवर राज्य तुमचंच, अमात्य!" दरबारी हसत.

एके दिवशी राजमातेने त्याला गाठले. "वसुमित्रा, मुलाचा आवाज ऐकायच्या आधीच मी गेले, तर माझ्या आसनावर मोगराच घाल हो. संध्याकाळी तरी सुटेल बिचारा."

वसुमित्राचे स्वतःचे घरही रिकामे होते. मौन किती गोड लागते, ते तो जाणून होता. आपण बोलावे की नाही, या विचारात राजा राणीच्या आसनापाशी बसे, त्या दालनाच्या दाराशी तो बराच वेळ घुटमळला. मग राजमुद्रा उंबऱ्यावर ठेवून आत गेला.

"महाराज, अम्लान म्हणजे न कोमेजणारे. जिवंत, असा त्याचा अर्थ नाही. हे फूल केव्हाच मेले आहे, रंग तेवढा उरला आहे." त्याने हारातला एक तुरा तळहातावर चोळला. भुसा उडाला, काळे चकचकीत दाणे उरले. "जिवंत आहे ते एवढेच. याला माती हवी."

राजाने त्याचे मनगट पकडले. दुसरा हात तलवारीकडे गेला. दाणे फरशीवर सांडले.

तोच मागून आलेली राजमाता कष्टाने खाली वाकली. "पाय काढ रे, दाणे तुडवतोयस," असे राजाला म्हणत ती एकेक दाणा वेचू लागली.

राजा तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मनगट सोडले.

"आई, तू ऊठ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी वेचतो."

अंगणात माठ उगवला. पहिली पाने खुडली, त्या दिवशी मायलेक एका पंगतीला बसले. वसुमित्र मात्र आपल्या रिकाम्या घरी परतला. तिथे कोणी वाट पाहत नव्हते.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे मृत भावाचे भिक्षापात्र उराशी धरून अबोल बसलेला हा भिक्षू. राजमाता म्हणजे याला रोज भात आणून देणारी ती म्हातारी उपासिका. वसुमित्र मीच होतो. स्वतःविषयी शंका असतानाही दुसऱ्याच्या दुःखापाशी जाऊन खरे बोलणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय."

भिक्षूने पात्र खाली ठेवले आणि पाण्याने धुतले.