खालच्या टाकीतला खेकडा

नगरात जसा राजा असतो, तशी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक आई होती. राजाला शत्रूच्या स्वारीची चिंता असते. या आईला चिंता होती तिच्या मुलीच्या दातांची. दात किडलेले नव्हते, वेडेवाकडेही नव्हते. तांदळाच्या दाण्यांसारखे छान पांढरेशुभ्र होते. फक्त ते अधूनमधून दुसऱ्यांच्या मुलांच्या दंडावर उमटायचे.

या चिंतेनं आईचा डोळ्याला डोळा लागत नसे. मुलीचं नाव रेणू. तिचं वय असं होतं, की "का चावलीस?" विचारल्यावर "माहीत नाही" म्हणाली तर ते खरंच असायचं. बालवाडीच्या ताईंनी आईला फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, "मी समजू शकते हो. पण बाकीचे पालक आता ऐकत नाहीयेत. पुन्हा असं झालं, तर तिला घरी ठेवा म्हणून मला सांगावं लागेल." त्या गावात दुसरी बालवाडी नव्हती. मग आई छताकडे बघत पडून राहायची. आपण नोकरी करतो म्हणून चावते का? पण नोकरी सोडली होती तेव्हाही चावत होतीच. मग नोकरी सोडली म्हणून चावायला लागली का?

आई चांगली शिकलेली होती. त्यामुळे घाबरायला तिच्याकडे पुष्कळ विषय होते.

माशांकडे बघितलं की मुलं शांत होतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून घरात काचेची टाकी आली. तीही साधी नाही, खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची. समुद्र त्या गावापासून रात्रभराच्या प्रवासावर. म्हणजे मीठ आणायचं, पाण्यात कालवायचं आणि दिवाणखान्यात समुद्र तयार करायचा. रेणू किती शांत झाली ते देव जाणे. बाबा मात्र संध्याकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर गप्प बसून राहायचे. "कुणीतरी शांत झालं ना घरात?" ते म्हणायचे. "मग झालं तर!"

टाकी होतीही देखणी. नारिंगी मासे, शेपट्या हलवत हिंडणाऱ्या कोळंब्या, आणि दगडांवर जांभळी, हिरवी प्रवाळं, दिवा लावला की फुलासारखी उमलणारी. टाकीखालच्या लाकडी कपाटात आणखी एक लहान टाकी होती. वरचं पाणी नळीनं खाली यायचं, तिथं गाळलं जायचं आणि पंपानं पुन्हा वर चढायचं. त्या खालच्या टाकीकडे कुणी बघत नसे. घर बघायला आलेला पाहुणा मोरी कुठं बघतो?

एके दिवशी आईला दिसलं, जांभळ्या प्रवाळाची फांदी टोकाशी कुरतडलेली आहे. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग टाकीतली एक गोगलगाय गायब झाली आणि तिचा शंख तेवढा रिकामा मिळाला. आईनं आधी पाण्यावर संशय घेतला, मग मिठावर, मग माशांवर आणि शेवटी सवयीनं स्वतःवर.

चोर सापडला तो लाईट गेल्यामुळे. भर दुपारची वेळ, बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत अंधार. पंप बंद पडला, पाणी थांबलं. अशा टाकीत पाणी थांबलं की माशांचा जीव गुदमरतो. आई स्टुलावर चढली आणि मगानं पाणी उपसून उंचावरून परत ओतू लागली. रेणू खाली टॉर्च धरून उभी होती.

"आई, दगडात कुणीतरी आहे."

आई वाकली. दगडाच्या भोकातून एक खेकडा बाहेर आला होता. तपकिरी, केसाळ, नांग्यांची टोकं काळीकुट्ट. शेंगदाणे सोलून खावेत तसा निवांतपणे तो प्रवाळाचे तुकडे तोडून तोंडात टाकत होता. दगड आणला तेव्हाच त्यात लपून आला असणार, बिनतिकिटाचा.

"तो चावतोय," रेणू म्हणाली.

"बघ ना मेला! म्हणजे हाच तो. सापडू दे एकदा, फेकूनच देते त्याला."

रेणूच्या टॉर्चचा उजेड खेकड्यावरून हलून जमिनीवर आला. आई पाणी ओतण्यात गुंतली होती, तिच्या ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळी आई माशांच्या दुकानात गेली. दुकानदारानं लगेच एक निळी बाटली काढून काउंटरवर ठेवली. "झाकणभर टाका ताई. सकाळी खेकडा उताणा."

आई शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी. तिनं चष्मा वर केला. "यात लिहिलंय, माशांना अपाय नाही. आणि गोगलगाईंना? कोळंब्यांना?"

"ते..." दुकानदारानं मान खाजवली. "त्यांना कणा नसतो ना. खेकड्यालाही नसतो. औषध कणा बघतं, कुणी चावलं ते नाही बघत."

"आणि प्रवाळं?"

"ती पण तशीच."

"म्हणजे एकट्या खेकड्यासाठी सगळी टाकी मारायची?"

"पण खेकडा जाईल की नाही? शंभर टक्के जाईल!" दुकानदार हसत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं बाटली मागे घेतली. "बरं, मग पेला लावून बघा. वेळ खातो, पण बाकीच्यांना त्रास नाही."

पेल्याची युक्ती अशी. काचेचा उंच, गुळगुळीत पेला दगडाला टेकवून तिरका ठेवायचा आणि तळाशी बाजारातल्या कोळंबीचा तुकडा टाकायचा. खेकडा दगडावरून चढून आत उतरतो, पण काचेवर त्याचे पाय टिकत नाहीत, त्यामुळे बाहेर येता येत नाही.

पेल्यात पहिल्यांदा गोगलगाय सापडली. रेणूनं तिला नीट निरखलं आणि सांगितलं, "तू नाहीस. तू जा." मग एक कोळंबी सापडली, तिलाही तिनं सोडून दिलं. आणि एका रविवारी सकाळी पेल्याच्या तळाशी तो केसाळ खेकडा बसलेला दिसला. काचेवर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा.

"सापडला!" आई ओरडली. किती दिवसांत तिला असा विजय मिळाला नव्हता. तिनं पेला उचलला आणि ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघाली.

"गटारात टाक," बाबा पेपरामागून म्हणाले. "आणि परत येताना चहाचं आधण ठेव."

रेणू दारात आडवी उभी राहिली. "कुठं नेतेस त्याला?"

"बाहेर."

"बाहेर खारं पाणी आहे?"

"नाही गं."

"मग तो मरेल."

"रेणू, तो सगळ्यांना चावतो. तूच बघितलंस ना?"

रेणूनं आपल्या तोंडावर हात ठेवला. हाताआडूनच तिनं विचारलं, "आई, मी शाळेत चावले तर ताई मला घरी पाठवणार. मग मी घरी चावले, तर मला कुठं पाठवणार?"

पेपर खाली आला. आई पेला धरून तिथंच थबकली. मुलांविषयी तिनं एवढं वाचलं होतं, पण हा प्रश्न कुणी छापलेला नव्हता. तिला वाटलं, आत्ता काही शहाणपणाचं सुचायला हवं. पण तोंडातून एवढंच निघालं, "घरातून कुणाला कुठंही पाठवत नाहीत."

"खेकड्यालासुद्धा?"

बोलून तर बसली होती. आता मागे कसं फिरायचं? आईनं हातातल्या पेल्याकडे बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं. वर ठेवला तर टाकी कुरतडून टाकेल, बाहेर टाकला तर मरेल. मग ती वळली, दिवाणखान्यात आली, खाली बसली आणि तिनं टाकीखालचं कपाट उघडलं.

"अगं, तिथं कुठं?" बाबा म्हणाले.

"इथं प्रवाळ नाही, गोगलगाय नाही. वरून गळेल ते खाईल." खालच्या टाकीत तिनं एक भोकाचा दगड ठेवला, पंपाच्या तोंडाला जाळी बांधली आणि पेला हळूच कलता केला. खेकडा सुळकन दगडाखाली गेला.

"ही शिक्षा आहे का?" रेणूनं विचारलं.

"नाही. खोली आहे."

"मग त्याला एकटं वाटेल."

"पाणी तेच आहे ना गं? वरचं खाली येतं, खालचं परत वर जातं. वरचे मासे आणि तो एकाच पाण्यात राहतात."

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून कपाटात डोकावले. "छान! खाणंपिणं आपल्याकडे, काम काही नाही. जावईच ठेवून घेतलास की."

पण काम नाही असं म्हणता येईना. वरून गळलेला माशांचा खाऊ, कुजलेली शेवाळाची पानं, कोपऱ्यात साचलेला गाळ, सगळं खेकडा खाऊ लागला. ज्या टाकीला एरवी वास यायचा तिला वास येईनासा झाला. आणि वर, जांभळ्या प्रवाळाच्या तुटक्या टोकांवर पांढुरके नवे कोंब दिसू लागले.

आता रोज खेकड्याला बघायला आई आणि रेणू कपाटासमोर फतकल मारून बसायच्या. बसता बसता आईला एक गोष्ट दिसली. तिचा हात वरून किंवा मागून आला, की खेकडा नांग्या उगारायचा. तोच हात समोरून, सावकाश, तुकडा दाखवत आला, की मुकाट्यानं तुकडा घ्यायचा. खेकडा तोच, नांग्या त्याच. आई कितीतरी वेळ कधी समोरून, कधी मागून हात नेऊन बघत राहिली. रेणूला वाटलं, आई खेळतेय.

दुसऱ्या दिवशी आई बालवाडीच्या फाटकाशी गेली. तिथं वर्गातल्या शार्दूलची आई मागच्याच वेळचं पुन्हा ताईंना ऐकवत होती, "आमच्या शार्दूलच्या दंडावर बत्तीसच्या बत्तीस दात उमटले होते." रेणूला वीसच दात आहेत हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. आजपर्यंत ती इथं येऊन एक तर माफी मागायची, नाहीतर "का चावते तेच कळत नाही हो" म्हणून डोळे पुसायची. आज तिनं वेगळंच विचारलं.

"ताई, ती का चावते ते राहू द्या. ती कधी चावते?"

ताई विचारात पडल्या. "कधी म्हणजे... खेळताना नाही. गाण्याच्या वेळी तर कधीच नाही." त्या थांबल्या. "डब्याच्या आधी. हात धुवायच्या रांगेत. मागची मुलं ढकलतात ना तेव्हा."

"मागून," आई म्हणाली.

"हो, मागूनच की!"

"आमचा शार्दूलच असतो तिच्या मागे," शार्दूलची आई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "तो ढकलतो. घरीही ढकलतो. आम्ही त्याला हसतो."

"तिला रांगेत मागे भिंत असेल अशा जागी उभं करता येईल?" आईनं विचारलं. "नाहीतर टॉवेल धरायला पुढे ठेवता येईल?" आपण फार मागतोय का, असं तिला बोलतानाच वाटलं. तरी तिनं वाक्य पुरं केलं.

"करून बघू," ताई म्हणाल्या. "पण जमलं नाही तर मी बोलले ते तसंच राहील हं."

"चालेल."

रेणू टॉवेल धरू लागली. मुलं हात धुऊन तिच्यासमोर यायची, समोरूनच. एक दिवस टॉवेल दुसऱ्या मुलीला हवा होता तेव्हा जोरदार रडारड झाली आणि दात दंडाच्या फार जवळ गेले, पण तिथंच थांबले. ताईंनी तेही आईला सांगितलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. त्या रात्री आईला झोप लागली. गाढ नाही, पण लागली.

आणि मग टॉवेल धुवायला गेला होता तो दिवस आला. रेणू रांगेतच होती आणि शार्दूल तिच्या मागे होता. फाटकाशी आईनं ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. ताईंनी मान हलवली. "आज काही नाही. कसं काय ते मलाही कळलं नाही. तिलाच विचारा."

घराकडे येताना आईचा ऊर भरून आला होता. आता हे सगळं मुलीला एका वाक्यात नीट सांगून ठेवावं, मोठेपणी उपयोगी पडेल, असं तिला वाटलं. तिनं मनातल्या मनात वाक्य जुळवलं.

तात्पर्य: चावणाऱ्याला बाहेर काढणं सोपं असतं, तो कधी आणि कुठं चावत नाही ते शोधून त्याला तिथं जागा करून देणं, हे घराचं काम.

वाक्य बरं जमलंय असं तिला वाटलं. थोडं लांब झालंय असंही वाटलं. ते म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात रेणूच म्हणाली, "आई, आज शार्दूल ढकलत होता. मी मागे वळले आणि त्याला सांगितलं, ढकलू नकोस, मी चावते."

"बाई गं! मग?"

"मग तो म्हणाला, कुठं चावतेस? मग मी दाखवलं."

आई रस्त्यातच थांबली. "चावून?"

"नाही गं," रेणू म्हणाली. "बोट लावून."