अजून नावाची मुलगी

फार जुन्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणारी एक बाई राहत असे. तिला चार मुली. धाकटीचं नाव होतं ‘अजून’.

असलं नाव पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. पोरं विचारत, “अजून? अजून काय?”

अजूननं गावातल्या शास्त्रीबुवांना नावाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, “अगं, हे तर अव्यय! याला ना लिंग, ना वचन. हे नाव नव्हेच.”

शेजारीण म्हणाली, “तीन मुलींवर अजून एक मुलगीच झाली, म्हणून ठेवलं असेल. दुसरं काय?”

म्हातारा गुराखी म्हणाला, “छे! आईला अजून लेकरं हवी होती, म्हणून.”

अजून पार गोंधळली. शेजारणीचं खरं मानावं, तर आई रोज मायेनं वेणी घालते ते काय? गुराख्याचं खरं मानावं, तर आपल्यानंतर पाळणा का हलला नाही? आईला विचारायला मात्र ती धजेना. शेजारणीचंच खरं निघालं तर?

अशी वर्षं गेली. अजूनचं लग्न ठरलं. सासरी गेल्यावर नवं नाव मिळणार, म्हणून ती हरखली. “सुटले एकदाची या नावातून!” ती म्हणाली.

आईचा हात मागावर थबकला. डोळे भरून आले.

“आई, रडतेस का? नकोशी होते म्हणूनच ठेवलंस ना हे नाव?”

“कोण म्हणालं असं?” आई म्हणाली. “तू जन्मलीस ती रडलीच नाहीस. अंग निळं पडलेलं. मला उठवत नव्हतं. मी सुईणीला विचारायची, ‘आहे का गं?’ ती तुझ्या छातीला कान लावून सांगायची, ‘अजून आहे.’ सकाळपासून दुपारपर्यंत एवढा एकच शब्द ऐकत मी पडून होते. मग तू रडलीस. बारशाला मला दुसरं नाव सुचेचना.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“त्या दिवसाची आठवणही नको वाटायची, बाळ.”

लग्नात नवऱ्या मुलानं ताटातल्या तांदळांवर ‘हेमकळा’ लिहायला बोट टेकवलं.

“थांबा,” नवरी म्हणाली. “माझं आहे तेच लिहा.”

“अगंबाई, हे कसलं नाव?” सासूनं विचारलं. अजूननं भरल्या मांडवात सगळं सांगितलं. सासूनं तांदळाचं ताट पुढे सरकवलं. मग मुलाला म्हणाली, “लिही रे. ठळक लिही.”

तात्पर्य : नावाचा अर्थ गावाला विचारू नये, ज्यानं ते ठेवलं, त्याला विचारावा.