ध्वजाचं वय

एका राज्यात ध्वजाचं वय दर उत्सवाला युगायुगाने वाढत असे. एका साली राजगुरू सांगत, तो सूर्याने विणला. पुढच्या साली सांगत, सूर्य जन्मण्याआधीच विणला. मग ध्वज हाती धरलेला राजा म्हणे, "मी साक्ष आहे." दर साक्षीला ध्वज जड होई आणि राजा जमिनीत थोडा रुते. ध्वज हातातून सोडायचा नाही, असा दंडक होता.

राजा सोमकेतू कमरेपर्यंत रुतला. राजगुरू म्हणाले, भूमातेने महाराजांना कुशीत घेतलं. राजकन्या ऊर्मिकेने कुदळ मागितली, ती पवित्र मातीच्या नावाखाली नाकारली गेली.

"पोरी, तू चार पोथ्या वाचल्यास. आम्ही युगं मोजली आहेत."

"मोजली नाहीत, गुरुवर्य. वाढवली."

ती अरण्यात भारद्वाज पक्ष्याकडे गेली. पक्षी म्हणाला, "खरा जन्म कळला तर भार उतरेल. नदी, वेळू आणि मंजिष्ठा, या तिघांना विचार. मात्र साक्ष ध्वज धरणाऱ्यानेच द्यावी."

नदी धारेत उतरल्याशिवाय बोलत नव्हती. ऊर्मिका गळ्यापर्यंत उतरली. नदी म्हणाली, "मी पुरात गाव वेढलं होतं. एका बाईने लुगडं फाडून नावाड्यांना खूण केली." वेळूचं बेट अंगावर ओरखडे काढून बोललं, "काठी माझी." मंजिष्ठेच्या वेलीने मूळ खणायला लावलं आणि सांगितलं, "रंग माझा. बाई तुझी खापरपणजी. ज्यांना वाचवलं, त्यांनीच तिला राणी केलं."

ती परतली तेव्हा उत्सव भरला होता आणि राजा छातीपर्यंत आत होता. तिने सारं सांगितलं. सभा हसली. ध्वज तसूभरही हलका झाला नाही.

राजगुरू वाकून म्हणाले, "महाराज, लुगड्याला कोणी मुजरा करेल का? आणखी एक कल्प वाढवू. देव स्वतः वर काढतील."

राजा सवयीने म्हणाला, "मी साक्ष आहे." माती गळ्याला लागली.

ऊर्मिका त्याच्यासमोर मातीत बसली. "बाबा, देवांनी विणलेला ध्वज कोणाच्या कामी आला, ते मला माहीत नाही. या लुगड्याने अख्खं गाव तरलं. तुम्हाला कशाची लाज वाटते?"

राजाने ध्वजाकडे पाहिलं, मग सभेकडे.

"हे माझ्या पणजीचं लुगडं आहे," तो म्हणाला. "मी साक्ष आहे."

जमीन सैल झाली. राजा बाहेर आला आणि त्याने अंग झटकलं. ध्वज कापडाइतकाच हलका झाला होता. वाऱ्याने तो पुरता उलगडला आणि लोकांना प्रथमच त्याच्या काठावरची बारीक फुलं दिसली.